राखतलावापासून विहिरीचं अंतर

मालवण तालुक्यात एकेकाळी कोळशावर चालणारं वीजकेंद्र होतं, असं मी कुणाला सांगितलं की लोक आधी माझ्याकडे आणि मग माझ्या बायकोकडे बघतात. पण कागदोपत्री ते होतं, आणि ते कागद बहुतेक माझ्याच हस्ताक्षरात होते.

प्रत्यक्षात तो बर्फाचा कारखाना होता. आमच्या गावाच्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळ-पठारावर, कट्टा गावाला जाणाऱ्या रस्त्याला लागून. मालक मुंबईत उभी हयात काढून गावी परतलेले. तारकर्लीपासून मिठबावपर्यंतच्या मच्छीमारांना बर्फाच्या लाद्या पुरवायच्या, एवढाच त्यांचा साधा बेत होता. पण ऐंशीच्या दशकातली आमच्याकडची वीज म्हणजे पाहुणी. लादी अर्धी गोठली की ती जायची, आणि परत येईपर्यंत साच्यात पुन्हा पाणी झालेलं असायचं. शेवटी मालकांनी मुंबईतल्या एका बंद पडलेल्या गिरणीचा जुना बॉयलर आणि त्याच्यासोबतचा डायनॅमो भंगाराच्या भावात उचलला, ट्रकांवर घालून घाट उतरवून आणला आणि सड्यावर बसवला. कोळसा जाळायचा, वाफ करायची, वाफेवर वीज. ती वीज बर्फाला पुरायची, ऑफिसातल्या दोन दिव्यांना पुरायची आणि मालकांच्या पंख्याला पुरायची. माझ्या टेबलापर्यंत वारा येत नसे.

मी तिथे कारकून होतो. मराठी घेऊन बी.ए. झालेला, अक्षर वळणदार, आणि हाताखाली कुणी नाही. अशा माणसाला कारखान्यात लिहायची सगळी कामं मिळतात.

कोळसा जळला की राख उरते. ही राख सुरुवातीला आमच्या डोक्याला मुळीच त्रास देत नव्हती, कारण ती दुपारपर्यंत नाहीशी व्हायची. वाडीतल्या बाया सकाळीच पाट्या घेऊन यायच्या. कुणाला भांडी घासायला हवी, कुणाला माडाच्या आळ्यात टाकायला, कुणाला पावसाळ्याआधी पाणंदीतला चिखल बुजवायला. चुलीतली राख आपली पिढ्यान्‌पिढ्यांची ओळखीची, आणि ही दिसायला तिच्यासारखीच, मग ती वेगळी असेल असं कुणाच्या मनात यायचं कारणच नव्हतं. माझ्याही नव्हतं. पितळ झकास निघायचं. हातांना भेगा पडायच्या, पण त्यांचा दोष बाया थंडीला द्यायच्या.

मग साहेब आले.

जिल्हा तेव्हा रत्नागिरीपासून नुकता वेगळा झाला होता. कोणतं खातं कुठल्या गावात कुणाच्या घरी भाड्याने बसतं, हे त्या खात्यांनाही पक्कं ठाऊक नव्हतं. या साहेबांचं खातं लांबचं होतं आणि त्याचं नाव मी घेत नाही, कारण साहेब माणूस सज्जन होते. पाकीट घेत नसत. चहासुद्धा स्वतःच्या थर्मासातला पीत. लाच खाणारा अधिकारी आला असता तर माझी गोष्ट इथेच संपली असती आणि सगळ्यांचं भलं झालं असतं. पण आमच्या नशिबी कर्तव्यदक्ष माणूस आला.

त्यांनी चिमणीकडे पाहिलं, बॉयलर पाहिला, आणि मग राख घेऊन चाललेल्या बायांची रांग पाहून त्यांचा चेहरा पडला. राख कारखान्याबाहेर जाते कशी, असं त्यांनी विचारलं. मालक म्हणाले, पाटीतून. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि आठवड्याभरात टपालाने एक फॉर्म आला.

तो फॉर्म छापला होता मोठमोठ्या वीजकेंद्रांसाठी. जिथे कोळसा रेल्वेने येतो आणि राख नळांतून मैलोन्‌मैल वाहत जाते, अशा ठिकाणांसाठी. आमच्यासाठी वेगळा फॉर्म नव्हता, आणि कोळशापासून वीज करतो म्हणजे आम्ही वीजकेंद्रच. केंद्राची क्षमता मेगावॉटमध्ये लिहायची होती. दशांशचिन्हानंतर किती शून्यं द्यायची यावर मालक आणि मी एक अख्खी दुपार घालवली. राख वाहून नेणाऱ्या नळांची संख्या आणि लांबी विचारली होती. मी प्रामाणिकपणे ‘लागू नाही’ लिहिलं. फॉर्म परत आला. सोबत शेरा होता, ‘लागू नाही असे लिहू नये.’

मग बॉयलरपासून राख टाकायच्या जागेपर्यंतची पायवाट मी मोजली आणि ती नळाची लांबी म्हणून भरली. राख उचलायला मालकांनी दोन बाया ठेवल्या होत्या, म्हणून नळांची संख्या दोन लिहिली. नळांचा व्यास मात्र मी विचारायला गेलो नाही.

मुख्य अट होती राखतलावाची. राख बाहेर कुणाला द्यायची नाही. एका जागी खड्डा खणून, बांध घालून त्यात साठवायची, आणि ती वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यावर कायम पाणी ठेवायचं. मालकांनी सड्याच्या टोकाला, करवंदीच्या जाळीपाशी जांभा खणून खड्डा केला. बायांनी पाट्या परत नेल्या. आजवर वाटली जाणारी राख आता नियमाने एकाच ठिकाणी जमू लागली.

आता आत्याबद्दल सांगायला हवं.

माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण, सड्याच्या पायथ्याला माडांच्या बागेत एकटी राहत असे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगे मुंबईला. तिच्या परसात विहीर होती. आमच्याकडे किनाऱ्याच्या विहिरी वैशाखात मचूळ होतात, पण आत्याचं पाणी शेवटपर्यंत गोड राहायचं. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ अर्धी वाडी तिच्या रहाटावर असे. आत्या पायरीवर बसून सगळ्यांवर करवादायची. दोर कठड्याला घासू नका, चुळा लांब जाऊन टाका, कळशी भरताना गप्पा कमी मारा. तिचं ठरलेलं वाक्य होतं, “पायरेर पाणी सांडू नको गो, उद्या माजोच पाय घसरतलो.” बाया हसायच्या, थोडंसं सांडायच्याच, आणि जाताना कुणी माशांचा वाटा ठेवायची तर कुणी मुंबईहून आलेलं पत्र वाचून दाखवायची. आत्याला पाण्याचा काडीचा मोह नव्हता. तिला माणसं हवी होती, आणि माणसं पाण्यामुळे येत होती.

तर फॉर्ममध्ये एक रकाना होता, ‘राखतलावापासून पिण्याच्या पाण्याच्या जवळच्या विहिरीचे अंतर.’

सड्यापासून सर्वांत जवळची विहीर आत्याचीच. आमच्याकडे अंतर पायाने मोजतात. अमकं गाव किती लांब असं विचारलं की माणूस वाट सांगतो, कुठे चढण आहे आणि कुठे वहाण हातात घ्यावी लागते ते सांगतो. आत्याकडे जायचं म्हणजे कारखान्यातून रस्त्याला लागायचं, पाणंदीने उतरायचं, देवळाला वळसा घालायचा, मळ्याच्या मेरेवरून, म्हणजे बांधावरून जायचं आणि मग बाग. करवंदीच्या बाजूने कडा सरळ खाली होता, पण तिकडून वानरांखेरीज कुणी उतरत नाही, म्हणजे ती वाट नव्हे. एका रविवारी मी पावलं मोजत गेलो. अर्ध्या मैलाला थोडं वर भरलं. रकान्यात तेवढं लिहून पुढे ‘प्रत्यक्ष मोजून’ अशी पुस्ती जोडली आणि सही ठोकली. अख्ख्या फॉर्ममध्ये अंदाजाने न भरलेला तेवढा एकच रकाना होता आणि मला त्याचा अभिमान वाटला.

साहेबांनाही वाटला असावा. त्यांनी त्याच्याखाली रेघ मारली. तलाव पाहायला आले तेव्हा करवंदीच्या काट्यांत पँट अडकेल म्हणून ते कडेपर्यंत गेले नाहीत. मंजुरी आली, तलावाला क्रमांक मिळाला. मालकांनी पेढे वाटले.

मग रोजची वही सुरू झाली. तलावात सकाळी पंपाने पाणी सोडायचं आणि मी पातळी लिहायची, ‘पूर्ण.’ संध्याकाळी पाहावं तर तळ कोरडा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पूर्ण, पुन्हा कोरडा. शेऱ्याच्या रकान्यात मी ‘उन्हाने आटले’ असं लिहीत असे. पावसाळ्यात ऊन नसतं म्हणून ‘आटले’ एवढंच. जांभ्याच्या खड्ड्यात पाणी राहत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला कळतं. मलाही कळत होतं. पण पाणी जातं कुठे, हे विचारणारा रकाना वहीत नव्हता, आणि जे वहीत नाही त्याचा विचार करायची सवय नोकरीने माझ्यातून काढून टाकली होती.

त्या वर्षी वैशाखात आत्याच्या विहिरीचं पाणी चढलं.

वाडीतल्या बाकी विहिरी तळाला गेलेल्या, आणि हिच्या विहिरीत दोन हात जास्त पाणी. लोक बघायला आले. आत्या उजळून निघाली. ग्रामदेवतेची कृपा, दुसरं काय. येईल त्याला ती सांगायची, “देवान दिल्यान, मी निस्ती राखणदार.” तिने देवळात नारळ ठेवला आणि देवाचे मानकरी असलेल्या गावकरांकडून गाऱ्हाणं घालून घेतलं. देवासमोर उभं राहून गावकर एकेक मागणं खड्या आवाजात मागतात आणि जमलेले लोक दर मागण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात, ही आमची रीत. हे पाणी ज्याने दिलं त्याची अशीच छाया राहो, ज्याचा हात त्यात लागला त्याला उदंड आयुष्य मिळो, असं गावकरांनी मागितलं. मी आत्याच्या बाजूला उभा होतो आणि सर्वांत मोठ्याने ‘व्हय म्हाराजा’ म्हणालो. मी आज सत्तरीला पोचलोय, तेव्हा ते मागणं पोचलं म्हणायचं.

पुढच्या वर्षी काळे वाटाणे शिजेनासे झाले.

हे हसण्यावारी नेऊ नका. आमच्याकडे काळ्या वाटाण्याचं सांबारं झालं नाही तर लग्नाच्या पंगतीला अर्थ नाही. रात्रभर भिजवलेले वाटाणे दुपारपर्यंत चुलीवर ठेवले तरी दाताखाली खडे. बायांनी कट्ट्याच्या बाजारातल्या दुकानदाराला धारेवर धरलं की त्याने जुना माल खपवला. तो बिचारा देवाच्या शपथा घेत होता. शेवटी एका सुनेने माहेरून येताना तिकडच्या पाण्याची कळशी आणली, आणि त्याच दुकानाचे वाटाणे त्या पाण्यात लोण्यासारखे शिजले. मग चहाला कसलीशी चव येते हे कुणाला आठवलं, भात पिवळट दिसतो हे दुसरीला. उघड कुणी बोललं नाही. पण आत्याच्या रहाटावरच्या कळश्या कमी होत गेल्या.

आत्या म्हणायची, दुनिया कृतघ्न झालीय. ती स्वतः तेच पाणी पीत होती आणि न शिजलेले वाटाणे चघळून खात होती, पाण्याचं नाव खराब होऊ नये म्हणून.

एके दिवशी सकाळी मी पातळी लिहायला तलावाच्या बांधावर उभा होतो. खालून आवाज आला. आत्या कुणावर तरी करवादत होती. दोर कठड्याला घासतोय, पायरीवर सांडतंय, सगळं शब्दन्‌शब्द स्पष्ट. समोर बोलत असल्यासारखं. मी पेन हातात धरून ऐकत राहिलो. अर्ध्या मैलावरचं बोलणं असं ऐकू येत नाही. करवंदीच्या फांद्या बाजूला सारून मी कडेपर्यंत गेलो आणि खाली बघितलं, तर आत्याचा पांढरा अंबाडा आणि विहिरीचं तोंड माझ्या पायांच्या थेट खाली होतं. त्या क्षणी मला सगळं कळलं, आणि खरं सांगायचं तर आधीपासूनच कळत होतं असंही कळलं.

मी मालकांना सांगितलं. त्यांनी पंखा बंद केला, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. खात्याला लिहितो म्हटल्यावर ते म्हणाले, “तू पगार कोणाचो खातंस रे, कारखान्याचो काय बावीचो?” बाव म्हणजे विहीर. मंजुरीनंतर तोच फॉर्म दर तिमाहीला भरून पाठवावा लागे. पुढच्या खेपेला मी त्यातला अंतराचा आकडा खोडला आणि लिहिलं, ‘पूर्वीचे अंतर वाटेने मोजले होते. सरळ रेषेत कृपया पुन्हा मोजावे.’ आयुष्यात केलेल्या शौर्याच्या कामांत मी हे सर्वांत वर धरतो. त्याच्याखाली फारसं काही नाही.

साहेब टेप घेऊन आले. या वेळी कडेपर्यंत आले, पँट फाटली तरी आले. टेपच्या टोकाला दगड बांधून मी ती खाली सोडली. टोक धरायला खाली आत्याशिवाय कुणी नव्हतं. मीच वरून हाक मारून तिला सांगितलं की सरकारी साहेब आलेत, विहिरीचं माप घ्यायचं आहे. ती म्हणाली, थांबा. ती घरात गेली, धुवट लुगडं नेसून आली आणि टेपचं टोक दोन्ही हातांनी कठड्याला लावून ताठ उभी राहिली. टेप अर्धीही उलगडावी लागली नाही. साहेबांनी आकडा वाचला, पुन्हा वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. खालून आत्याने विचारलं, “झिला, माजी बाव सरकारात लागली मां?”

तिला वाटलं, विहिरीची सरकारदरबारी नोंद झाली. मी हो म्हणालो.

निर्णय महिन्याभराने टपालाने आला. मला वाटलं होतं, तलाव बंद करायला सांगतील. पण तलाव मंजूर होता. त्याला क्रमांक होता, फाइल होती, नकाशा होता. मंजूर गोष्ट रद्द करायची तर कुणीतरी आधी चुकीची मंजूर केली असं लिहावं लागतं, आणि त्यासाठीचा फॉर्म साहेबांच्याही खात्यात नसावा. विहिरीला मात्र काहीच नव्हतं. ती सातबाऱ्यावरसुद्धा नव्हती. तेव्हा ठरावीक अंतराच्या आत दोघं एकत्र राहू शकत नाहीत म्हटल्यावर, ज्याच्याकडे कागद नाही त्याने जायचं हे ओघानेच आलं. आदेश होता की सदर विहीर पिण्यासाठी बंद करावी, तसा फलक कारखान्याने लावावा आणि अनुपालन कळवावं.

फलक कुणी लिहायचा हा प्रश्नच नव्हता.

तांबड्या पत्र्यावर पांढऱ्या रंगात मी तो लिहिला. अक्षरं सारखी आली पाहिजेत म्हणून आधी पेन्सिलीने रेघा मारल्या. स्वतः घेऊन गेलो आणि कठड्याच्या खांबाला तारेने बांधला. आत्या पायरीवर बसून बघत होती. तिला वाचता येत नव्हतं.

“काय लिवलंसा ता वाच.”

मी वाचलं. या विहिरीचे पाणी पिण्यास अयोग्य आहे.

“कोणी सांगल्यान?”

“सरकारान.”

“आणि लिवल्यान कोणी?”

“मी.”

“अक्षर बरा दिसता,” ती म्हणाली.

मग मी तिला सगळं सांगितलं. राख, खड्डा, रोज आटणारं पाणी, माझी मोजलेली पावलं. सांगताना एकदाही तिच्याकडे बघितलं नाही. ती म्हणाली, “म्हणजे देवान नाय दिल्यान.”

“नाय.”

“मगे माजो नारळ कोणाक पोचलो रे?”

मी कारखान्यात परत आलो आणि अनुपालनाचं पत्र टाइप केलं. त्यात लिहिलं की आदेशाची पूर्तता झाली आहे. ती झालीच होती.

दोन वर्षांनी बॉयलर फुटला, सरकारी वीज थोडी सुधारली आणि मालकांनी कोळसा बंद केला. आम्ही वीजकेंद्र उरलो नाही, तरी तिमाही फॉर्म येतच राहिला आणि मी भरत राहिलो. राख शून्य, नळ दोन.

आत्याकडे मात्र फलक लागल्याच्या दुसऱ्या दिवसापासून कुणी आलं नाही. वाडीने देवळाजवळची विहीर धरली. मी रोज सकाळी कामावर जाण्याआधी तिथून दोन कळश्या भरून आत्याकडे नेऊ लागलो. त्याला प्रायश्चित्त म्हणा, दुसरा चांगला शब्द माझ्याकडे नाही. ती ओसरीवर वाट बघत बसलेली असे आणि मी दिसलो की तिथूनच सुरू करायची. कळशी वाकडी धरलीय, दांडा तुटेल, उशीर का झाला, पायरीवर सांडू नको. अख्ख्या वाडीला दिवसभरात द्यायच्या शिव्या तिला आता माझ्या एकट्यावर संपवायच्या असत, त्यामुळे घाई फार होई. मी मुद्दाम थोडं पाणी सांडायचो. तिच्या आवाजाला तेवढ्याने धार यायची आणि मला बरं वाटायचं. असं तीन-चार वर्षं चाललं.

मग एका सकाळी मी नेहमीसारखं ओसरीच्या पायरीवर पाणी सांडलं. ती ओसरीवरून बघत होती. तिने खाली सांडलेल्या पाण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काहीच बोलली नाही. मी दुसरी कळशीही थोडी कलती केली. आत्या उठली, आत गेली आणि फडकं आणून स्वतःच ती पायरी पुसू लागली.